डिंकराव आणि अकरा वाजताचा वास

झाडं लावणारी माणसं पुष्कळ असतात. माझे सासरे झाडं चिकटवायचे.

वाळवलेल्या झाडांचं एक सरकारी संग्रहालय होतं, त्यात बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कपाटांत हजारो जाड कागद आणि प्रत्येक कागदावर मुळापासून फुलापर्यंत एकेक रोप, इस्त्री केल्यासारखं चपटं. रोप डिंकाने बसवायचं, देठ जाड असेल तर दोऱ्याने टाके घालायचे, सुटलेल्या बिया छोट्या पाकिटात भरून ते पाकीट वरच्या कोपऱ्यात लावायचं आणि सगळ्यावर वाळूची पिशवी ठेवून दाबायचं. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव काय, कुठे सापडलं, कधी, कोणी आणलं. ऑफिसात त्यांना डिंकराव म्हणत, ओळखीपाळखीचे डिंककाका म्हणत. मी तोंडावर बाबा म्हणतो, पण लिहिताना डिंकरावच बरं वाटतं. पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला तो सुटायला अंमळ वेळ लागला. मला वाटलं, जावई फारच पसंत पडला. हिने नंतर सांगितलं, डिंक होता.

गंमत अशी की या माणसाला जिवंत झाड ओळखता येत नसे. कुंडीतलं रोप दाखवून 'हे काय हो?' म्हटलं तर मान तिरकी करून बघायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "वाळवून आणा, सांगतो." डोंगर त्यांनी कधी चढला नव्हता, रानात कधी गेले नव्हते. रान त्यांच्याकडे यायचं, गठ्ठ्यांनी, वर्तमानपत्रात गुंडाळून.

त्या वर्तमानपत्रांनीच सगळा घोटाळा केला.

रानातून आणलेलं रोप वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवतात. ते वाळायचं, त्याची तपासणी व्हायची, मग कधीतरी डिंकरावांच्या टेबलावर यायचं. तोवर पेपरला दोनेक वर्षं झालेली असत. डिंकराव रोप काढून घेत आणि पेपर वाचत. इतके की घरी आलेला ताजा पेपर त्यांना वाचवेना. 'कच्चा आहे' म्हणायचे. त्यामुळे जगातली युद्धं थांबल्यावर त्यांच्याकडे सुरू होत. एकदा जेवताना घास हातात धरून ते गंभीरपणे म्हणाले, "सरकार पडलं." सासूबाई म्हणाल्या, "त्याच्यानंतर आणखी दोन पडली. जेवा."

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला राहायला गेलो तेव्हाची गोष्ट. सुटीचा दिवस, डिंकराव निवृत्त होऊन वर्ष झालेलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही चहा घेत बसलो होतो. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. डिंकरावांनी कप खाली ठेवला, नाक किंचित वर केलं आणि मला विचारलं, "जावईबापू, वास येतोय का?"

"कसला?"

"नाही ना येत?"

"चहाचा येतोय."

"चहाचा नव्हे. बरं, बरं. घ्या तुम्ही."

आतून हिचा आवाज आला, "बाबांचं अकराचं झालं का?" आणि सासूबाई म्हणाल्या, "झालं हो. आता बारापर्यंत शांतता."

या घरात दूधवाला चुकेल, पण हा प्रश्न चुकत नसे. कापूर, लिंबाची साल आणि उन्हात तापलेला दगड यांचा मिळून जसा वास येईल तसा तो येतो, असं त्यांचं वर्णन होतं. घरच्यांनी आपापले तर्क लढवून झाले होते. सासूबाईंच्या मते बत्तीस वर्षं डांबरगोळ्यांत काढल्यावर दुसरं काय होणार. हिच्या मते लक्ष वेधून घ्यायची हौस. नाकाच्या डॉक्टरने बॅटरी घालून पाव तास तपासलं आणि सांगितलं, "नाक उत्तम आहे. जपून वापरा." मीही जावयाच्या हक्काने चेष्टेत सामील झालो. अकरा वाजले की मीच विचारायचो, "बाबा, आला का?" ते हसायचे. चांगले मोकळे हसायचे.

फक्त एकदा मला त्यांचा चेहरा बाजूने दिसला. हसून झालं होतं आणि ते फळीवरच्या डब्यांकडे बघत होते. चहा, साखर, डाळ, मीठ असे चार पत्र्याचे डबे. माणूस चोरपावलांनी जिना चढून येणाऱ्याकडे बघतो तसे ते त्या डब्यांकडे बघत होते. त्या दिवशी मी चेष्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी केली.

हा वास कुठून येतो ते कळायला आणखी पाच वर्षं गेली. गेल्या वर्षी एका गुरुवारी साहेबांची मुलगी घरी आली.

साहेब म्हणजे पायपीटसाहेब. संग्रहालयात रानातली झाडं आणणारे हेच. उंच, काटकुळे, वर्षातले आठ महिने डोंगरात आणि चार महिने डोंगराची आठवण काढण्यात. चोवीस वर्षांपूर्वी ते काळ्या कड्यावरून पडून गेले. हिने लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून खाऊ खाल्लेला, त्यामुळे घरात त्यांचं नाव निघालं की सगळे आदराने गप्प होत. डिंकराव सगळ्यात आधी.

मुलगी आता चाळिशीची. दातांची डॉक्टर. येऊन बसली, सगळ्यांकडे बघून हसली आणि मी नकळत तोंड मिटून घेतलं.

"काका, तुमच्याकडे एक काम आहे," ती म्हणाली. "बाबांचा तो राखाडी सेज आठवतो?"

डिंकरावांनी मान हलवली. होय की नाही ते कळलं नाही.

तिने आम्हाला समजावून सांगितलं. सेज हे कोरड्या, खडकाळ जागी वाढणारं झुडूप. पानं राख चोळल्यासारखी, फुलं निळी-जांभळी, पान चुरगाळलं तर उग्र वास. ते आढळायचं दूरच्या एका उजाड टेकडीवर. पण अठ्ठावीस वर्षांपूर्वी साहेबांनी लिहिलं की काळ्या कड्यावरही ते आहे. डोंगराच्या पार दुसऱ्या अंगाला, कोणालाही वाटलं नसतं अशा जागी. जाणकारांत केवढी खळबळ झाली. साहेबांचा सत्कारही झाला. मग एकेकजण कड्यावर जाऊन हात हलवत परत यायला लागला. साहेब चिडले आणि दरवर्षी स्वतः शोधायला जाऊ लागले. चौथ्या वर्षी परत आले नाहीत.

"परवा एका नव्या पुस्तकात वाचलं," ती म्हणाली, "लिहिलंय, 'ही नोंद संशयास्पद.' म्हणजे माझा बाप खोटारडा, असंच ना? म्हणून रविवारी मी जाणार आहे कड्यावर. सापडेपर्यंत जाणार आहे, काका. दरवर्षी. तो कागद तुम्ही चिकटवलात. मुळांना माती कसली होती, कड्याच्या कुठल्या बाजूची वाटली, काही आठवतंय?"

घड्याळात अकरा वाजले.

आम्ही सगळे सवयीने डिंकरावांकडे बघायला लागलो. त्यांनी वास येतोय का असं विचारलं नाही. ते उठले, स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि फळीवरचे डबे एकेक करून खाली द्यायला लागले. मीठ माझ्या हातात आलं, साखर हिच्या.

"अहो, डबे का उतरवताय?" सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे आलेत आणि तुम्हाला आत्ताच साफसफाई सुचली?"

डिंकरावांनी फळीवर अंथरलेला कागद काढला. जुन्या वर्तमानपत्राचं पान, तेलकट, पिवळं, त्यावर डब्यांची चार गोल वर्तुळं. बाकी सगळ्या फळ्यांचे कागद सासूबाई दरवर्षी बदलत. हा एक त्यांनी बदलू दिला नव्हता. 'राहू दे, मापात बसलाय' म्हणायचे. ते पान त्यांनी मुलीसमोर टेबलावर पसरलं आणि कडेला बोट ठेवलं. तिथल्या एका वर्तुळाच्या आत पेन्सिलने आकडा होता. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"हे बाबांचं अक्षर," ती म्हणाली.

"हो."

पुढे त्यांनी जे सांगितलं ते डोळे टेबलावर ठेवून सांगितलं. साहेबांना रोपाला क्रमांकाची चिठ्ठी बांधायचा कंटाळा. ते पेपरच्या कडेलाच आकडा टाकत आणि वहीत तोच आकडा लिहून पुढे जागा लिहीत. नाव नाही. नाव नंतर, रोप बघून. म्हणजे रोप आणि त्याची जागा यांच्यामधला दुवा एकच, पेपरची कडा. तो सेज तीनशे अठ्ठ्याऐंशी क्रमांकाच्या पेपरात होता. आणि त्या पेपरात रविवारची रहस्यकथा होती.

"कसली?" ती म्हणाली.

"रहस्यकथा. क्रमशः. मी ती सहा महिने वाचत होतो. गठ्ठे जसे यायचे तसे भाग मिळायचे. सातवा आधी, मग तिसरा, मग नववा. शेवट मिळत नव्हता. खुनी कोण ते कळत नव्हतं." ते थांबले. "या पेपरात शेवट आहे असं वाटलं. घरी नेऊन निवांत वाचावं म्हटलं. म्हणून सेज काढला आणि शेजारच्या रिकाम्या पेपरात ठेवला. आकडा उतरवून घेऊ, म्हटलं. मग कोणीतरी हाक मारली."

शेजारचा पेपर रिकामा होता तो आतलं गवत बुरशी लागून फेकून दिलं होतं म्हणून. त्याच्या कडेला साहेबांनी लिहिलं होतं चारशे अकरा. वहीत चारशे अकरासमोर होतं, काळा कडा.

हिच्या हातात साखरेचा डबा होता, तो ठेवायचं तिला सुचेना.

"तुम्हाला कधी कळलं?" मुलीने विचारलं.

"चार महिन्यांनी. हिने फळीवर कागद घातला, मी चहाचा डबा उचलला आणि खाली आकडा. तोवर छापून आलं होतं. सत्कार झाला होता. आता सांगितलं तर साहेबांचं हसं होईल, असं मी मनाशी म्हटलं." त्यांनी पानाची दुमड बोटाने सपाट केली. "खरं म्हणजे माझं झालं असतं."

"बाबांना शंका नाही आली?"

"आली." डिंकरावांचा आवाज इतका खाली गेला की आम्ही सगळे पुढे झुकलो. "पहिल्या वर्षी कड्यावरून हात हलवत परत आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, 'डिंकराव, मला हे त्या कड्यावर पाहिल्याचं काही केल्या आठवत नाही. पण कागद म्हणतोय म्हणजे असणार. म्हातारा झालो मी.' मी डिंक ढवळत होतो. मी म्हटलं, 'विसरायला होतं, साहेब.'"

इतक्या वर्षांत त्या घरातली ती पहिली अकराची वेळ, जेव्हा बारापर्यंत खरोखर शांतता होती.

बारानंतर डिंकरावांनी राहिलेलं सांगितलं. शेवटच्या खेपेला साहेबांनी जुळवून बघायला त्या कागदावरची एक काडी आणि बियांचं पाकीट मागून घेतलं. डिंकरावांनीच ते त्यांच्या खांद्याच्या पिशवीत ठेवलं. चार दिवसांनी सकाळी ऑफिसातला फोन वाजला. अकरा वाजले होते. साहेब घळीत सापडले, पिशवी वर एका टप्प्यावर. डिंकरावांनी फोन ठेवला आणि विचारलं, "वास येतोय का?" शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "कसला?"

मुलीने ते पान उचललं. बराच वेळ बघत राहिली. आता ती ओरडेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "मग? खुनी कोण निघाला?"

"अं?"

"गोष्टीतला. माझे बाबा ज्याच्यासाठी गेले तो. कोण होता?"

डिंकरावांनी पानाच्या तळाशी बोट नेलं. शेवटच्या ओळीखाली बारीक अक्षरात छापलं होतं: शेवट पुढील रविवारी.

"कळलंच नाही," ते म्हणाले.

मुलगी चहा न घेता उठली. सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कोणाला चहाशिवाय दाराबाहेर सोडलं नव्हतं, गप्प उभ्या होत्या. दारात तिने चपला घातल्या आणि पाठमोरीच म्हणाली, "रविवारी मी जाणारच आहे."

"ताई, ते झुडूप नाहीये तिथे."

"झुडपासाठी नाही. जागा बघायची आहे."

"मी येतो," डिंकराव म्हणाले.

ती गेल्यावर सासूबाई पहिलं वाक्य बोलल्या. "तुम्ही? स्टुलावरून उतरवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागतं तुम्हाला!" मग खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावला. "अठ्ठावीस वर्षं मी त्याच्यावर मीठ ठेवलं हो."

शुक्रवारी त्यांनी मला संग्रहालयात नेलं. तिथला एक नियम मला त्या दिवशी कळला. कागदावरची चिठ्ठी चुकली असली तरी ती काढायची नाही, खोडायची नाही, तिच्यावर दुसरी डकवायची नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावायची, सही आणि तारीख घालून. जुनी चूक जन्मभर शेजारी बसून राहते, सासरच्या माणसांसारखी. नव्या प्रमुख बाईंनी कपाट उघडून कागद काढला. राखाडी पानं, तपकिरी पडलेली फुलं, बारीक टाके, एक काडी जिथून कापली तिथे रिकामी जागा आणि वरच्या कोपऱ्यात पाकीट होतं तिथे डिंकाचा चौकोन.

डिंकरावांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'हे रोप काळ्या कड्यावरचं नाही. क्रमांक चारशे अकरा नव्हे, तीनशे अठ्ठ्याऐंशी. साहेबांची चूक नाही. चूक चिकटवणाऱ्याची.' खाली सही केली. बाईंनी वाचलं, चष्मा काढला, परत लावला.

"नोंदवहीत हुद्दा काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"डिंक," ते म्हणाले. त्यात विनोद नव्हता.

रविवारी माझी गाडी होती. पायथ्याला पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. मुलीजवळ एका जुन्या पंचनाम्याची नक्कल होती, पिशवी कुठे सापडली ते त्यात लिहिलेलं. शेळ्यांच्या पायवाटेने कड्याच्या पोटातून आडवं गेलं की तो टप्पा लागतो. वाट फार उभी नव्हती, पण एका बाजूला काहीच नव्हतं. माझं वजन आणि त्या वाटेची रुंदी यांचं फारसं जमत नव्हतं. मी एका हाताने खडक आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं पोट धरून चाललो होतो. पुढे मुलगी, मधे डिंकराव.

डिंकराव कसे चालले ते मी विसरणार नाही. सहासष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा डोंगरावर, पायांत ऑफिसचे बूट. पावलागणिक हाताचा पंजा खडकावर सपाट ठेवायचे आणि क्षणभर दाबायचे. रोप कागदावर बसवल्यावर दाबतात तसे. मी मागून म्हटलं, "बाबा, तो डोंगर आहे, निघणार नाही." ते हसले नाहीत. मीच हसलो, आणि ते हसणं कड्यावर आपटून परत आलं तेव्हा मला नको झालं.

वारा नव्हता. पक्षी नव्हते. काळा खडक तापायला लागला होता. एका वळणाशी मुलगी दम घ्यायला थांबली, आम्हीही थांबलो. डिंकरावांनी नाक किंचित वर केलं. मी घड्याळ बघितलं नाही, गरज नव्हती.

"जावईबापू," ते म्हणाले, "वास येतोय का?"

हा प्रश्न मी पाच-सहा वर्षांत कितीदा ऐकला असेल देव जाणे. उत्तर तयार होतं, जिभेवरच होतं. मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.

कापूर. लिंबाची साल. तापलेला दगड.

"येतोय," मी म्हटलं.

डिंकरावांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. "चेष्टा करू नका हो," ते म्हणाले. "आज नको."

"येतोय, बाबा."

"मलाही येतोय," मुलगी म्हणाली आणि वळण घेऊन दिसेनाशी झाली. मग तिने हाक मारली. "काका" एवढंच.

टप्पा एका खोलीएवढा होता. वरच्या टोकाला खडकाची एक भेग सुरू होत होती आणि तिरकी खाली उतरत पार कडेपर्यंत जाऊन घळीत नाहीशी होत होती. त्या भेगेत झुडपं होती. राखाडी, गुडघ्याएवढी, निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडलेली. मधमाश्यांचा एकसुरी आवाज चालू होता. वरचं सगळ्यात मोठं, त्याच्याखाली दुसरं, मग तिसरं, मग अंतर सोडून चौथं. एकाखाली एक, वरून खाली. बाकी टप्पा उघडा होता, आजूबाजूच्या कड्यावर नजर जाईल तिथवर दुसरं एकही नव्हतं. फक्त ती एक ओळ. कोणीतरी वरून पडताना वाटेत काय काय सांडत गेलं, ते दाखवल्यासारखी.

मुलीने कागद उघडून वाचला. "पिशवी टप्प्याच्या वरच्या टोकाला, तोंड उघडं." तिने झुडपांकडे बघितलं. "पाकीट तुम्ही दिलं होतंत."

"हो."

"बंद केलं नव्हतंत?"

"साहेब म्हणाले, सारखं उघडून बघावं लागेल, डिंक लावू नका." डिंकराव खाली बसले. "बत्तीस वर्षांत तेवढं एकच पाकीट मी डिंकाशिवाय दिलं."

मग त्यांनी हात पुढे केला आणि थांबवला. परत पुढे केला. एका फांदीमागे दुसरी फांदी होती, तिच्यामागे तिसरी, मधे सावली होती, सावलीत एक कोळी होता. ते एक डोळा मिटून बघत होते, मग दोन्ही डोळ्यांनी. लहान मुलाच्या तोंडून यावा तसा प्रश्न त्यांच्या तोंडून आला.

"हे एवढं जाड असतं?"

मुलगी त्यांच्याशेजारी बसली. मी खडकाला पाठ लावून उभा होतो. त्या ओळीकडे बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती. नजर वरून सुरू व्हायची आणि आपोआप खाली उतरत कडेपर्यंत जायची. मग मी ती ओढून परत वर आणायचो.

शेवटी तिने फुलांसकट एक फांदी कापली. पिशवीतून एक वर्तमानपत्र काढून त्यात ती घातली, घडी केली आणि कडेला पेन्सिलने काहीतरी लिहिलं.

"चिकटवाल?" तिने विचारलं.

"मी?"

"दुसरं कोण? तुमच्याशिवाय या झुडपाचा कागद कोणी केलाय?"

"ताई, तुम्ही मला माफ..."

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली. "चिकटवाल का, एवढं विचारलं."

ते हो म्हणाले.

फांदी वाळल्यावर संग्रहालयाच्या बाईंनी त्यांना एका दिवसापुरतं त्यांचं जुनं टेबल दिलं. मीही गेलो होतो. सासूबाईंनी पाठवलं होतं, 'रडले तर घेऊन या' म्हणून. ते रडले नाहीत. डिंक ढवळला, फांदी बसवली, देठाला सहा टाके घातले. बिया पाकिटात भरल्या आणि पाकिटाला तिन्ही बाजूंनी डिंक लावला, मग बोटाने परत एकदा कडा दाबल्या. चिठ्ठीत 'कुठे सापडलं' पुढे काळा कडा लिहिलं. 'कोणी आणलं' पुढे मात्र त्यांचं पेन थांबलं. नियमाने जो तोडून आणतो त्याचं नाव घालायचं.

"तुमचं," ते मुलीला म्हणाले.

"बाबांचं घाला."

"ताई, साहेब जाऊन चोवीस वर्षं..."

"तिथे कोणी आणलं ते?" ती म्हणाली. "मी तर परत आणलं."

बाईंनी छताकडे बघितलं, म्हणजे हरकत नव्हती. डिंकरावांनी साहेबांचं पूर्ण नाव लिहिलं, अक्षर न अक्षर सुटं. मग जुना कागद मागवला. त्यावर आता दोन चिठ्ठ्या होत्या, काळा कडा म्हणणारी आणि नाही म्हणणारी. नियमाप्रमाणे दोन्ही तशाच. नवा कागद त्यांनी त्याच्यावर ठेवला, वाळूची पिशवी आणली आणि अलगद वर ठेवली.

टेबलावर रिकामं वर्तमानपत्र राहिलं होतं, ज्यात फांदी वाळली होती ते. महिन्याभराचं जुनं, म्हणजे डिंकरावांच्या हिशेबाने नुकतंच पिकायला लागलेलं. वरच्या बाजूला मोठा मथळा होता, मला उलटा दिसत होता. खिडकीवरच्या घड्याळात अकरा व्हायला आले होते. मी त्यांच्या नाकाकडे बघत होतो, मुलगी त्यांच्या हातांकडे.

त्यांनी कडेचा आकडा वाचला, चिठ्ठीवरचा आकडा वाचला, परत कडेचा वाचला. मग मथळा आत जाईल अशी त्या पेपरची घडी केली, आणखी एक केली, आणि तो तिच्या हातात दिला.